अमेरिकेतला स्पीच थेरपी आणि ऑडिओलॉजीचा राज्य परवाना: कागद, क्रम आणि कुठे अडतं

टाळूचा_त:
नमस्कार मंडळी. बीएएसएलपी (वाणी-श्रवण विषयातली पदवी) करून अमेरिकेत जाणाऱ्यांचे प्रश्न इथे चार धाग्यांवर विखुरलेत आणि उत्तरांमध्ये 'लायसन्स' हा एकच शब्द चार निरनिराळ्या कागदांसाठी वापरलेला दिसतो. निम्मा गोंधळ तिथलाच आहे. म्हणून आधी ते चार कागद सुटे करतो.

पहिला, राज्याचा परवाना. हाच खरा कायदेशीर परवाना. पन्नासही राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत दोन्ही व्यवसायांना तो लागतो. देणारं खातं राज्यागणिक वेगळं: टेक्ससमध्ये टीडीएलआर, न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खात्याचं ऑफिस ऑफ द प्रोफेशन्स, कॅलिफोर्नियात स्पीच, ऑडिओलॉजी आणि श्रवणयंत्र विक्रेते यांचं मिळून एक बोर्ड.

दुसरा, आशाचं सीसीसी, म्हणजे व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र. आशा म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, ही व्यावसायिकांची संस्था आहे, सरकार नव्हे. सीसीसी आहे पण परवाना नाही, तर काम करता येत नाही. परवाना आहे पण सीसीसी नाही, तर कायद्याने बहुतेक ठिकाणी करता येतं, फक्त नोकरी देणारे कुरकुरतात.

तिसरा, शाळेसाठीचा दाखला. तो राज्याच्या शिक्षण खात्याकडून येतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला टीएसएसएलडी म्हणतात, न्यू जर्सीत स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्ट, कॅलिफोर्नियात शिक्षक परवाना आयोगाचं क्रेडेन्शियल.

चौथा, व्हिसासाठीचं हेल्थकेअर वर्कर प्रमाणपत्र, बोलीभाषेत व्हिसास्क्रीन. १९९६ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३४३ मुळे नर्स, फिजिओ वगैरे सात गटांना ते लागतं, त्यात आपणही आहोत. पाच वर्षं चालतं. अमेरिकेतच मास्टर्स केलं तरी एच-१बी (नोकरीचा व्हिसा) घेताना ते लागतंच. हे बऱ्याच जणांना शेवटच्या महिन्यात कळतं.

आता स्पीचचा रस्ता. मान्यताप्राप्त मास्टर्स, त्यात पदव्युत्तर पातळीचे निदान ३६ सेमिस्टर क्रेडिट. ४०० क्लिनिकल तास, त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष पेशंटसोबतचे. या ३७५ पैकी ३२५ मास्टर्सच्या काळातलेच हवेत, म्हणजे पदवीच्या काळातले फार तर ५० धरता येतात. मग प्रॅक्सिस परीक्षा, कोड ५३३१: १३२ प्रश्न, १५० मिनिटं, आशासाठी उत्तीर्ण गुण १६२. मग तात्पुरता परवाना, त्यावर क्लिनिकल फेलोशिप म्हणजे सीएफ, आणि ती संपल्यावर पूर्ण परवाना.

हे आशाचे आकडे. राज्यांचे बरेचसे यावरच बेतलेले आहेत. बरेचसे, सगळे नाहीत. मारामारी होते ती या फरकाच्या जागी.

सदाफुली:
फार उपयोगी. दोन शंका. सीसीसी हातात आलं की राज्याचा पूर्ण परवाना आपोआप मिळतो ना? आणि सीएफ सुरू करून मग तात्पुरत्या परवान्याचा अर्ज केला तर चालतं का? क्लिनिकवाले म्हणतात की "तुम्ही रुजू व्हा, कागद मागाहून येतील."

टाळूचा_त:
सदाफुलीताई, आपोआप काहीच होत नाही. अनेक राज्यं सीसीसीचा पुरावा दिला की तास आणि कोर्सेस पुन्हा मोजत बसत नाहीत, एवढीच सवलत. अर्ज, फी, पार्श्वभूमी तपासणी हे सगळं वेगळं करावंच लागतं.

दुसऱ्याचं उत्तर ठाम 'नाही'. तात्पुरत्या परवान्याला प्रत्येक राज्यात नाव वेगळं: कॅलिफोर्नियात आरपीई, टेक्ससमध्ये इंटर्न, फ्लोरिडात प्रोव्हिजनल, न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये टेंपररी. नाव काहीही असो, त्यावरच्या तारखेआधी केलेलं काम विनापरवाना धरलं जातं. ते तास बाद होतात, आणि पुढे कुठल्याही राज्याच्या अर्जात "कधी विनापरवाना काम केलं आहे का?" या रकान्यात खरं लिहावं लागतं. क्लिनिकवाल्यांचं काय जातं? नाव तुमचं लागतं. पगार सुरू हवाच असेल तर त्या दिवसांत ओरिएंटेशन, सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण, फाइलिंग एवढंच करावं. पेशंटसमोर बसायचं नाही.

सुपरवायझर बदलला तरी कॅलिफोर्नियात बोर्डाला कळवून नव्याचा फॉर्म भरावा लागतो. "तिच्याच केबिनमध्ये दुसऱ्या बाई आल्या" हे बोर्डाला मान्य नसतं.

बाराखडी:
सीएफचं गणित मी लिहिते, कारण आशा आणि राज्य यांचे आकडे इथेच एकमेकांना छेद देतात.

आशाला १२६० तास हवेत, आणि निदान ३६ आठवडे. आठवड्याला ३५ तास केले की ३६ गुणिले ३५, बरोबर १२६०. पन्नास तास राबलात म्हणून ३६ आठवड्यांचे ३० होत नाहीत. कमी तास केले तर आठवडे वाढतात: ३० तासांना ४२ आठवडे, २५ तासांना पन्नासच्या थोडे वर, २० तासांना ६३. आठवड्याला ५ तासांपेक्षा कमी असेल तर तो आठवडा मोजतच नाहीत.

कॅलिफोर्नियाची मोजणी वेगळी आहे. तिथे आठवड्याला ३० तासांपासून पुढे पूर्णवेळ, त्याचे ३६ आठवडे. १५ ते २९ तास म्हणजे अर्धवेळ, त्याचे ७२ आठवडे.

आता ३० तासांची नोकरी घेतलीत असं धरा. ३६ आठवड्यांनी कॅलिफोर्निया खूश, पण तास झाले १०८०. आशासाठी १८० तास कमी. सहा आठवडे आणखी. उलट २५ तासांची नोकरी घेतलीत तर आशाचं काम एक्कावन्नाव्या आठवड्यात उरकतं आणि कॅलिफोर्निया म्हणतं बहात्तर. दोघांनाही एकदम पुरं पडायचं तर ३५ तासांचीच नोकरी घ्या, निदान करारात ३५ लिहून घ्या.

त्या तासांतले ८० टक्के थेट क्लिनिकल कामाचे हवेत, म्हणजे ३५ पैकी २८. तपासणी, थेरपी, रिपोर्ट लिहिणं, पालकांशी बोलणं, समुपदेशन हे त्यात धरतात. बसने शाळांमध्ये ये-जा केलेला वेळ धरत नाहीत.

सीएफचे तीन समान भाग पडतात. प्रत्येक भागात मेंटरने ६ तास प्रत्यक्ष बघणं आणि ६ वेळा इतर पद्धतीने आढावा घेणं, एकूण १८ आणि १८. सहा तासांचं बघणं एका दिवसात उरकता येतं, पण पहिल्या भागातलं राहिलेलं तिसऱ्या भागात भरून काढता येत नाही. मेंटर मंडळी नेमकी इथेच ढिली पडतात. डिसेंबर उजाडतो, भाग संपतो, आणि नोंद चार तासांचीच असते. पहिल्या आठवड्यातच कॅलेंडरवर तारखा टाकून घ्याव्यात, आणि त्या दिवशी कुठला पेशंट आहे तेही.

कॅलिफोर्नियाच्या सुपरवायझरला याउपर महिन्याला ८ तास प्रत्यक्ष देखरेख करायची असते, अर्धवेळ असेल तर ४. ही नोंद वेगळी ठेवा. आशाच्या कागदावर भागलं तरी बोर्डाच्या कागदावर भागेलच असं नाही.

मेंटरचं सीसीसी चालू आहे का हे आशाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, सुरुवातीला आणि मधूनमधूनही. त्यांनी वार्षिक फी भरायला विसरून प्रमाणपत्र लॅप्स झालं, तर त्या काळातले तुमचे तास जातात. शिवाय मेंटरला सीसीसीनंतर ९ महिन्यांचा अनुभव आणि सुपरव्हिजनचं निदान २ तासांचं प्रशिक्षण लागतं. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं.

मुक्काम_एडिसन:
बाराखडींच्या गणितात ओपीटी (शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) घाला म्हणजे खरी कसरत दिसेल.

स्पीच आणि ऑडिओलॉजी हे स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाहीत. त्यामुळे ओपीटी १२ महिनेच, पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही. म्हणजे हातात ५२ आठवडे. त्यात बेरोजगारीचे ९० दिवस माफ असतात, आणि ते ईएडी (कामाच्या परवानगीच्या) कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजले जातात, नोकरी लागल्यापासून नव्हे. आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम असेल तर तेही बेरोजगारीतच धरतात.

आता क्रम बघा. बऱ्याच राज्यांना अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. विद्यार्थ्याला तो नंबर कामाच्या परवानगीशिवाय मिळत नाही. ईएडी आलं की नंबर, नंबर आला की परवान्याचा अर्ज, परवाना आला की सीएफ. आणि या सगळ्यात ईएडीचं घड्याळ चालूच!

यातून सुटायची जागा एकच: मास्टर्सच्या पहिल्या वर्षीच कॅम्पसवर कुठलीही छोटी नोकरी धरायची, लायब्ररीत पुस्तकं लावायची म्हटलं तरी चालेल. त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो आणि दोन वर्षांनी साखळीतली एक कडी आधीच जोडलेली असते. ओपीटीचा अर्ज पदवी पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि सुरुवातीची तारीख पदवीनंतरच्या ६० दिवसांत आपण निवडायची असते. राज्याचा परवाना मंद असेल तर उशिराची तारीख निवडा.

शाळेत सीएफ करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं, म्हणजे ३६ आठवडेच. नाताळची सुट्टी, स्प्रिंग ब्रेक यांचे आठवडे मोजात येत नाहीत. परवाना ऑगस्टऐवजी ऑक्टोबरात आला तर जूनमध्ये सीएफ अपुरी राहते, आणि पुढची शाळा उघडेपर्यंत ओपीटी आटपलेलं असतं.

रानजाई:
बाप रे. वाचनखूण साठवली आहे. मुलीला आत्ताच पाठवते.

कर्णफूल:
ऑडिओलॉजीबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून घ्या.

आपल्याकडे बीएएसएलपीमध्ये दोन्ही विषय एकत्र शिकतो. तिथे ते दोन वेगळे व्यवसाय आहेत, दोन वेगळे परवाने. ऑडिओलॉजीला आशा २०१२ पासून डॉक्टरेट पातळीची पदवी मागते, म्हणजे बहुतेकांसाठी एयूडी. चार वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष एक्स्टर्नशिप. बांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेतून किंवा नायरमधून एमएससी ऑडिओलॉजी केलं असेल तरी ते एयूडीच्या जागी बसत नाही. काही विद्यापीठं आधीचे काही क्रेडिट धरतात; त्यासाठी प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम लागतो, नुसती गुणपत्रिका पुरत नाही. परीक्षाही वेगळी, प्रॅक्सिस कोड ५३४३. स्पीचची ५३३१ देऊन बसलात तर फी गेली.

एक्स्टर्नशिपचं वर्ष विद्यार्थिदशेतलं असलं तरी कॅलिफोर्नियात त्यासाठी आरपीईचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, १२ महिन्यांचा. "मी अजून स्टुडंट आहे" हे तिथे चालत नाही.

श्रवणयंत्र विकणं ही तिसरीच गोष्ट. कॅलिफोर्नियात डिस्पेन्सिंग ऑडिओलॉजिस्टचा परवाना निराळा असतो. न्यूयॉर्कमध्ये यंत्रं द्यायची तर डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे वेगळी नोंदणी. नोकरीच्या जाहिरातीत 'फिटिंग' असा शब्द दिसला की विचारा. ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांसाठी सौम्य ते मध्यम श्रवणदोषाची यंत्रं विनाचिठ्ठी मिळतात, ती विकायला परवाना नको. पण मूल असेल किंवा श्रवणदोष तीव्र असेल तर तो रस्ता नाही.

पिंपळपान:
माझा प्रश्न जरा वेगळा. इथून एमएएसएलपी (याच विषयातलं मास्टर्स) पूर्ण केलेलं आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी चालू आहे. तिकडे पुन्हा मास्टर्स करायचं नाहीये. थेट सीसीसीचा अर्ज करता येतो का?

बाराखडी:
करता येतो, पण मी म्हणेन आधी हिशेब करा.

आशाचे परस्पर मान्यतेचे करार आहेत. कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड त्यात आहेत. भारत नाही. त्यामुळे प्रत्येक मानक एकेक करून सिद्ध करायचं. पदवीचं मूल्यमापन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून, आणि तेही विषयवार. नुसतं "ही पदवी मास्टर्सच्या तोडीची आहे" असं एका ओळीचं पत्र चालत नाही.

मग येतात चार पायाभूत विषय: जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, आणि मानसशास्त्र-समाजशास्त्र अशापैकी एक. हे स्वतंत्र विषय म्हणून हवेत. आपल्या अभ्यासक्रमात वाणीयंत्रणेची शरीररचना असते, पण ती जीवशास्त्र म्हणून धरत नाहीत. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र असा एकत्र पेपर असेल तर त्यातलं संख्याशास्त्रही धरत नाहीत. विभागातला विषय तो विभागातला, त्यांना बाहेरचा हवा. उपाय महाग नाही: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स, किंवा काही विषयांना सीएलईपी परीक्षा (कोर्स न करता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय). हे आधी करून ठेवा. अर्ज अडकल्यावर सेमिस्टर सुरू व्हायची वाट बघत बसावं लागतं.

क्लिनिकल तासांची नोंद हा मोठा खड्डा आहे. कॉलेजच्या लॉगबुकात केसची संख्या असेल आणि मिनिटं नसतील तर ते लॉगबुक जवळपास निरुपयोगी. त्यांचा तास म्हणजे साठ मिनिटं. ४५ मिनिटांचं सत्र ४५ मिनिटंच, वर ढकलता येत नाही. अजून शिकत असाल तर आजपासून प्रत्येक सत्राची एक ओळ लिहा: तारीख, पेशंटची आद्याक्षरं, वयोगट, विकाराचा प्रकार, तपासणी की थेरपी, मिनिटं, सुपरवायझर त्यातली किती मिनिटं हजर होते, सही, आणि सहीखाली त्यांचा नोंदणी क्रमांक. प्रकार नऊ लागतात: उच्चार, अस्खलितता, आवाज आणि अनुनाद, भाषा, श्रवण, गिळणं, आकलन, सामाजिक संवाद, आणि पूरक-पर्यायी संवादसाधनं. गिळण्याच्या केसेस आणि संवादसाधनं यांचे रकाने कोरे राहतात, तेव्हा पोस्टिंग मागून घ्या.

हे सगळं झालं तरी राज्याचा परवाना वेगळाच. म्हणून माझं मत: पंचविशीच्या आत असाल आणि अमेरिकेतच राहायचं नक्की असेल तर तिथलं मास्टर्स स्वस्त पडतं. पैशाने नाही, वर्षांनी.

टाळूचा_त:
बाराखडींशी नव्वद टक्के सहमत. एक भर: राज्याचा अर्ज विचारतो की "आजवर कुठल्याही देशात, राज्यात नोंदणी होती का?" आरसीआयची नोंदणी लपवू नका. तिथून गुड स्टँडिंगचं पत्र मागवा, आणि ते शक्यतो आरसीआयने थेट बोर्डाला पाठवायला हवं. आरसीआयचं नूतनीकरण चुकलेलं असेल तर आधी ते करून घ्या.

गोदाकाठ:
नावांबद्दल लिहितो. हे महाराष्ट्रातल्यांचं खास दुखणं आहे.

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि बऱ्याचदा वेगळ्या ओळीत आईचं नाव. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही. म्हणजे एकाच बाईंचे तीन कागद तीन नावांचे! आपल्या कारकुनाला ते एका नजरेत कळतं. तिकडच्या बोर्डाला तीन बायका दिसतात.

प्रॅक्सिसची नोंदणी करताना पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. सोशल सिक्युरिटी कार्डही पासपोर्टप्रमाणे निघतं, म्हणून परवान्याचा अर्जही त्याच नावाने. जुन्या नावाच्या गुणपत्रिकांसोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. आद्याक्षरं कुठेही वापरू नका, एस. व्ही. असं लिहिलं की ते नावच 'एस' धरतात.

आणि ट्रान्सक्रिप्ट. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असो की दुसऱ्या कुठल्या, ती विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटात मूल्यमापन संस्थेला पाठवायची असते. घरी आलेलं पाकीट उघडून, स्कॅन करून, पुन्हा चिकटवून पाठवलं की ते परत येतं. एका वेळी चार-पाच संच काढा. फी एकदाच भरायची, खेटेही एकदाच.

लिंबलोण:
एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांचं काय? ईएडी नाही, पण परवाना काढून ठेवता येईल का? आणि सीएफ बिनपगारी केली तर?

मुक्काम_एडिसन:
परवाना आणि कामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी. परवाना काढून ठेवायला बंदी नाही, अडचण फक्त सोशल सिक्युरिटी नंबरची. कॅलिफोर्निया २०१४ च्या कायद्यानंतर त्याऐवजी आयटीआयएन (करापुरता क्रमांक) स्वीकारतं, आणि नवऱ्याच्या कर विवरणासोबत तो बऱ्याच जणींकडे असतोच. इतर राज्यांत बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या उत्तराला किंमत नाही.

बिनपगारी सीएफ मात्र अजिबात करू नका. आशाला पगार मिळतो की नाही याच्याशी देणंघेणं नाही, पण इमिग्रेशनच्या नजरेत एरवी पगार देऊन करून घेतात ते काम फुकट केलं तरी कामच. सेवाभाव म्हणून पटवता येत नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी सीएफच्या कागदावरच्या तारखा स्वतःच साक्ष देतात.

उलट बाजूने, कोणी एच-१बीवर आणणार असेल आणि राज्य फक्त सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून परवाना अडवत असेल, तर "बाकी सगळं पूर्ण आहे" असं बोर्डाचं पत्र लावून एक वर्षापुरता एच-१बी मंजूर होऊ शकतो. नियमात ती तरतूद आहे. वकिलाला आठवण करून द्यावी लागते.

सदाफुली:
नुसत्या बीएएसएलपीवर काहीच करता येत नाही का?

टाळूचा_त:
असिस्टंट म्हणून येतं, काही राज्यांत. टेक्ससचं उदाहरण: पदवीत स्पीच-ऑडिओलॉजीचे २४ सेमिस्टर क्रेडिट, त्यातले १८ स्पीचचे, वर २५ तास निरीक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष सहाय्य. ते तास नसतील तर सुपरवायझरसोबत कमतरता भरून काढायची योजना लिहून देता येते. पदवीचं मूल्यमापन इथेही लागतं, कायद्याची छोटी ऑनलाइन परीक्षाही. असिस्टंटने निदान करायचं नाही, थेरपीचा आराखडा ठरवायचा नाही, पेशंटला सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. इथे स्वतंत्र ओपीडी चालवलेल्यांना ते जड जातं, हे आधीच मनाशी पक्कं करावं. असिस्टंटचे तास सीएफमध्ये धरत नाहीत.

खडीसाखर:
इथे पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना झूमवर थेरपी देणारे बरेच आहेत. आरसीआय नोंदणी आहे, पालक स्वतःहून विचारतात, त्यांना मराठीत हवी असते. यात परवान्याचा काय संबंध?

बाराखडी:
पूर्ण संबंध. परवाना थेरपिस्ट कुठे बसलाय त्यावर ठरत नाही, पेशंट त्या क्षणी कुठे आहे त्यावर ठरतो. मूल एडिसनमध्ये असेल तर न्यू जर्सीचा परवाना हवा. थेरपिस्ट डॅलसमध्ये बसलेली असली तरी हाच नियम, पुण्यात बसलेली असली तरी हाच. 'पालक मार्गदर्शन' किंवा 'कोचिंग' असं नाव दिल्याने फरक पडत नाही. समोर मूल आहे, ध्येयं लिहिली आहेत आणि उच्चार सुधारले जात आहेत, तर ती थेरपीच.

पालकांचंही नुकसान आहे. विम्याकडे दावा करायचा तर पावतीवर थेरपिस्टचा एनपीआय (अमेरिकेतल्या आरोग्यसेवकाचा ओळख) क्रमांक, ९२५०७ हा उपचाराचा कोड आणि निदानाचा कोड लागतो. पुण्याच्या पावतीवर यातलं काही नसतं, सगळा खर्च खिशातून. आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन सेवा आहे, तीन पूर्ण झाली की शाळा जिल्ह्याला मोफत तपासणी करावी लागते. ती तपासणी शक्य तिथवर मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असं आयडिया, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदाच सांगतो. मराठी दुभाषी लेखी मागा. घरात मराठी बोलणारं मूल 'व्हॅन' आणि 'वॅन' एकसारखं म्हणत असेल तर तो दोष नाही, त्याच्या मराठीत एकच 'व' आहे. हे सांगणारं कोणीतरी त्या खोलीत असायला हवं.

हेच कुटुंब सुट्टीत दोन महिने पुण्यात आलं तर मात्र इथल्या थेरपिस्टने आरसीआयच्या नोंदणीवर खुशाल थेरपी द्यावी. त्या दोन महिन्यांत न्यू जर्सीची थेरपिस्ट ऑनलाइन चालू ठेवू म्हणाली, तर तिलाच विचारायचं की भारतात तिची नोंदणी आहे का.

खडीसाखर:
समजलं. मग राज्याराज्यांतला तो करार, कॉम्पॅक्ट का काय, त्याने हे सुटत नाही?

बाराखडी:
नाही. एएसएलपी-आयसी हा करार ज्याच्याकडे राहत्या राज्याचा पूर्ण, बिनडाग परवाना आहे त्याच्यासाठी. त्यावरून कराराच्या दुसऱ्या राज्यात काम करायची मुभा मिळते. मुळात घरचं राज्य अमेरिकेतलं हवं. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांना आणि असिस्टंटना ती मुभा नाही.

कर्णफूल:
नूतनीकरणाबद्दल थोडक्यात: आशाला तीन वर्षांत ३० तास, न्यूयॉर्कलाही तीन वर्षांत ३०. टेक्सस मानवी तस्करीवरचं प्रशिक्षण मागतं, फ्लोरिडा वैद्यकीय चुका टाळण्यावरचा २ तासांचा कोर्स. आशाचे ३० तास झाले म्हणजे राज्याचे झाले असं धरू नका, विषय वेगळे असतात. प्रमाणपत्रांची पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून ठेवा. तपासणी आली की चार वर्षांपूर्वीचंही मागतात.

पिंपळपान:
शेवटचं एक. कॅलिफोर्नियाच्या अर्जात लाइव्ह स्कॅन असं काहीतरी आहे. ते मुंबईहून करता येतं का?

टाळूचा_त:
लाइव्ह स्कॅन म्हणजे बोटांचे ठसे यंत्रावर घेणं, ते कॅलिफोर्नियातच होतं. राज्याबाहेर असाल तर एफडी-२५८ या कार्डावर शाईचे ठसे घेऊन बोर्डाला टपालाने पाठवायचे, वेगळी फी भरून. कार्ड बोर्डाकडून मागवा, त्यावर त्यांचा कोड छापलेला असतो. ठसे घेणाऱ्याला सांगा की बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवून घ्या, नुसतं दाबून नको, आणि शाई कमी लावा. मेंदी उतरल्याशिवाय जाऊ नका. एकाऐवजी दोन कार्डं भरून पाठवा. एक पुसट निघालं तर टपालाचा एक फेरा वाचतो.

पिंपळपान:
मेंदीचं बरं सांगितलंत! पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, ठसे त्याआधीच उरकते.